शिडाच्या होडीवरचे जुने इंजिन



आपल्या कोकण किनाऱ्यावर पूर्वी सगळ्या होड्या शिडावर आणि वल्ह्यांवर चालत. वारा असला की होडी धावे. वारा पडला की माणसे घाम गाळीत वल्ही मारीत. पुढे १९५० नंतरच्या वर्षांत मासेमारीच्या होड्यांवर डिझेल इंजिने बसू लागली. त्यासाठी सरकारने कर्जे दिली, मदत दिली. शीड मात्र लगेच गेले नाही. एकाच होडीवर डोलकाठीही उभी आणि खाली इंजिनही, असे पुष्कळ वर्षे चालले. काही जुन्या होड्यांवर आजही हे जोडपे दिसते.

इंजिन जुने झाले म्हणजे ते दगा देणारच, असे लोक म्हणतात. मला ते पटत नाही. जुने इंजिन एकदम दगा देत नाही. ते आधी सांगते. धुराने सांगते, आवाजाने सांगते, तेलाच्या रंगाने सांगते. ते ऐकणारा आणि लिहून ठेवणारा माणूस होडीवर हवा. हे मला कोणी पुस्तकातून शिकवले नाही. एका तांडेलाने शिकवले. त्याची गोष्ट आधी सांगतो.

खाडीच्या तोंडाशी

ही गोष्ट १९८६ सालच्या जानेवारीतली. मी तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातील एका खाडीकाठच्या गावात नवा मास्तर होतो. गावच्या तांडेलांना सारे आबा म्हणत. त्यांची होडी शिडाची, पण तिच्यावर दोन सिलिंडरचे जुने इंजिनही होते. एका शनिवारी मी त्यांच्या होडीतून गावाकडे परत येत होतो. होडीत आम्ही सहा माणसे.

खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. बाहेरून लाटा येत होत्या, आतून ओहोटीचे पाणी जोराने बाहेर पडत होते. नेमके तिथेच इंजिन घुटमळले. एकदा मंद झाले, पुन्हा उचलले, पुन्हा मंद झाले. मग एक उचकी देऊन बंद पडले.

आबा ओरडले, "शीड काढा!" पोरांनी शीड बाहेर ओढले. पण दोन वर्षे ते घडी घालून तसेच पडले होते. घडीच्या जागी कापड कुजले होते, कोपरा उंदरांनी खाल्ला होता. वारा भरताच ते उभे फाटले. नांगर टाकला, तो वाळूत धरेना. होडी दांड्यावर जाऊन आपटली. सुकाणू मोडले. एक फळी फुटली आणि खारे पाणी इंजिनाच्या अर्ध्यापर्यंत आले.

आम्ही छातीभर पाण्यातून किनाऱ्याला लागलो. माणूस कोणी गेला नाही, ही देवाची कृपा. पण आबांचा हंगाम गेला. होडी दुरुस्त होईपर्यंत दोन महिने गेले. त्यासाठी काकूंच्या पाटल्या गहाण पडल्या.

मेकॅनिक आला. त्याने डिझेलच्या फिल्टरची काचेची वाटी काढून उन्हात धरली. वर पिवळे डिझेल आणि खाली स्वच्छ पाणी, असे दोन थर दिसले. बस, एवढेच कारण! डिझेलचे पिंप पावसाळाभर अंगणात उभे होते. पिंपाच्या माथ्यावर पावसाचे पाणी साचते. पिंप दिवसा तापते, रात्री निवते. निवताना ते माथ्यावरचे पाणी बुचाच्या आट्यांतून आत ओढते. तेच पाणी डिझेलबरोबर टाकीत गेले होते.

आबा मला म्हणाले, "गुरुजी, इंजानाचा काय दोष नाय. फाट्यापासून ते घुटमळत होतं. ते मला सांगत होतं. मी ऐकलं नाय."

डिझेल इंजिन चालते कसे?

सायकलच्या पंपाने जोरात हवा भरून पाहा. पंपाचे तोंड बोटाला गरम लागते. हवा दाबली की ती तापते. डिझेल इंजिनाचे सारे मर्म एवढ्यात आहे.

रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन इंजिनियरने हे मर्म कामाला लावले. त्याने १८९३ मध्ये पेटंट मिळवले आणि १८९७ मध्ये ऑग्सबर्ग या गावी त्याचे इंजिन नीट चालले. त्याच्याच नावावरून इंजिनाला आणि तेलालाही 'डिझेल' म्हणतात. आपल्याकडे पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली निघाली. आपल्या शेतकऱ्याला डिझेल इंजिनाची ओळख बरीचशी विहिरीवरच्या अशा इंजिनांनीच झाली.

आता आत काय होते ते पाहा. सिलिंडर म्हणजे एक नळकांडे. त्यात दट्ट्या वर-खाली होतो. त्याच्या चार चाली असतात.

पहिली चाल : दट्ट्या खाली येतो, हवा आत घेतो.
दुसरी चाल : दट्ट्या वर जातो, हवा दाबतो. हवेचा सोळावा ते विसावा हिस्सा उरतो. ती पाचशे अंशांहून अधिक तापते.
तिसरी चाल : त्या तापल्या हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा उडतो. तो आपोआप पेटतो. दट्ट्या जोराने खाली ढकलला जातो. हीच इंजिनाची ताकद.
चौथी चाल : दट्ट्या वर येतो, धूर बाहेर जातो.

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगीसाठी प्लग लागतो. इथे ठिणगी नाही. म्हणून दमट खाऱ्या हवेतही डिझेल इंजिन बिनतक्रार चालते. त्याला पाच गोष्टी मात्र लागतात. स्वच्छ डिझेल, स्वच्छ हवा, चांगला दाब, वंगण आणि थंडावा. या पाचांतली एकही कमी पडली की ते कुरकुरते.

डिझेल : पाणी आणि कचरा दूर ठेवा

जुन्या इंजिनाच्या दुखण्यांत डिझेलची दुखणी फार. नोझलची भोके केसाएवढी बारीक असतात. पंपाचे भाग एकमेकांत इतके घट्ट बसलेले असतात की धुळीचा कणही त्यांना ओरखडा पाडतो. पाण्याने ते गंजतात.

पाणी टाकीत दोन वाटांनी येते. एक वाट पिंपातून, ती वर सांगितली. दुसरी वाट हवेतून. टाकी अर्धी रिकामी असली की वरच्या जागेत दमट हवा राहते. रात्री टाकी निवली की त्या हवेतले पाणी थेंब होऊन आतल्या बाजूंना लागते आणि खाली उतरते. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसते. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे बारीक जंतू वाढतात. त्यांचा काळा बुळबुळीत गाळ होतो आणि फिल्टर कोंडतो.

म्हणून असे करा :

१. पिंप आडवे ठेवा, किंवा एका बाजूने कलते ठेवा. माथ्यावर पाणी साचू देऊ नका.
२. डिझेल बारीक जाळीच्या नरसाळ्यातून ओता. तंतू सुटणारे फडके वापरू नका.
३. पिंपाच्या अगदी तळाचे डिझेल टाकीत घालू नका.
४. होडी नांगरून घरी जाताना टाकी भरून ठेवा. भरल्या टाकीत दमट हवेला जागा नसते.
५. सकाळी इंजिन चालू करण्याआधी टाकीच्या तळाची तोटी थोडी सोडा. काचेच्या बाटलीत धरून पाहा. पाणी दिसले तर स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडा. बाटलीतला माल खाडीत ओतू नका, डब्यात जमवा.
६. फिल्टर वेळेवर बदला. होडीवर एक नवा फिल्टर जपून ठेवा.

इंजिनाने एअर धरली तर

टाकी कोरडी पडली, फिल्टर बदलला, किंवा एखादी नळी ढिली झाली, की डिझेलच्या वाटेत हवा शिरते. मेकॅनिक म्हणतात, "एअर धरली." डिझेल दाबले जात नाही, पण हवा दाबली जाते. त्यामुळे पंपाचा जोर हवेतच जिरतो आणि नोझलमधून फवारा उडत नाही. हवा काढण्याचे काम प्रत्येक खलाशाला आले पाहिजे, आणि ते काठावरच शिकले पाहिजे. लाटांत शिकायला सवड मिळत नाही.

प्रथम टाकीत डिझेल आहे आणि तोटी उघडी आहे, हे पाहा. फिल्टरच्या माथ्यावर एक छोटा स्क्रू असतो. तो दोन आटे ढिला करा. डिझेल चढवण्याच्या लहान पंपाला हाताची दांडी असते, ती वर-खाली करा. आधी फेस येईल, बुडबुडे येतील. मग नुसते डिझेल येऊ लागेल. पंप चालू ठेवूनच स्क्रू आवळा. पुढे मोठ्या पंपावरच्या स्क्रूलाही असेच करा. बहुतेक वेळा एवढ्याने काम होते. नाही झाले, तर नोझलकडे जाणाऱ्या नळीची चाकी थोडी ढिली करून इंजिन फिरवा. तिथून डिझेल ठिबकले की चाकी आवळा.

इथे एक इशारा. इंजिन फिरत असताना नोझलच्या फवाऱ्यापुढे हात कधीही धरू नका. तो फवारा कातडी भेदून आत जातो. जखम सुईएवढी दिसते, पण हात जाऊ शकतो. असे झाले तर दुखत नाही म्हणून थांबू नका, तडक इस्पितळात जा.

वंगण : काडीवर काय दिसते

इंजिनात तेल पाहण्याची एक काडी असते. रोज सकाळी, इंजिन चालू करण्याआधी, होडी सरळ असताना ती काढा. पुसा, परत घाला, पुन्हा काढा. तेल दोन खुणांच्या मध्ये हवे.

तेल कमी झाले तर घालावे, हे सर्वांना कळते. पण तेल वाढले तर? न घालता तेल वाढणे हे कमी होण्यापेक्षाही वाईट. याचा अर्थ तेलात दुसरे काही मिसळते आहे. काडीचा वास घ्या. डिझेलचा वास आला आणि तेल पातळ लागले, तर डिझेल तेलात उतरते आहे. तेल ताकासारखे पांढरट दिसले, तर पाणी शिरले आहे. दोन्ही वेळा इंजिन चालवू नका. पातळ झालेले तेल बेअरिंगला वाचवू शकत नाही.

तेल काळे होते ते ठीक. डिझेल इंजिनात काजळी तेलात उतरतेच. पण ठरल्या तासांनी ते बदलायला हवे. बऱ्याच जुन्या लहान इंजिनांना शंभर ते दीडशे तासांनी तेल बदलतात. तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात जो आकडा असेल तो पाळा. तेल काढताना इंजिन जरा गरम असावे, म्हणजे गाळही तेलाबरोबर बाहेर येतो. जुने तेल खाडीत ओतू नका. त्या खाडीतच आपली कालवे आणि आपली मासळी वाढते.

इंजिनाला थंड ठेवा

होडीतले इंजिन बहुधा समुद्राच्या पाण्याने थंड होते. होडीच्या तळाच्या तोटीतून पाणी आत येते, जाळीतून गाळले जाते, पंप ते इंजिनाभोवती फिरवतो आणि ते मागच्या नळीतून धुराबरोबर बाहेर पडते.

म्हणून इंजिन चालू होताच मागे वाकून पाहा. धुराबरोबर पाणी फुरफुरत बाहेर पडते का? पडत नसेल तर लगेच बंद करा. तळाची तोटी उघडायची राहिली असेल. जाळीत शेवाळ किंवा प्लास्टिकची पिशवी अडकली असेल. नाही तर पंपातली रबराची फिरकी तुटली असेल. ही फिरकी पाण्याशिवाय फिरली की थोड्याच वेळात तिच्या पाकळ्या जळतात. एक नवी फिरकी होडीवर ठेवा. जुनी काढाल तेव्हा पाकळ्या मोजा. एखादी कमी असेल तर तो तुकडा पुढे नळीत अडकला आहे, तो शोधून काढा.

इंजिन फार तापले तर त्यात थंड पाणी ओतू नका. तापल्या तव्यावर पाणी पडले की तवा तडकतो, तसे लोखंड तडकते. बंद करा आणि आपोआप निवू द्या. ज्या इंजिनात आतले गोडे पाणी वेगळे असते, त्याचे झाकण गरम असताना उघडू नका. वाफेने तोंड भाजेल.

काही इंजिनांत पाण्याच्या वाटेवर जस्ताची लहान कांडी बसवलेली असते. खारे पाणी आधी जस्त खाते, म्हणून इंजिनाचा धातू वाचतो. कांडी अर्धी झिजली की बदला. तिला रंग लावू नका. रंगवलेले जस्त काही कामाचे नाही.

धूर काय सांगतो?

काळा धूर : डिझेल पुरते जळत नाही. हवेचा फिल्टर कोंडला असेल, नोझल खराब असेल, किंवा इंजिनावर ओझे जास्त पडत असेल. होडीचा तळ आणि पंखा शिंपल्यांनी भरला तरी ओझे वाढते.

निळा धूर : वंगण जळते आहे. दट्ट्याच्या रिंगा किंवा झडपा झिजल्या असतील.

पांढरा धूर : थंड इंजिन चालू करताना थोडा वेळ आला तर चिंता नाही. इंजिन तापल्यावरही येत राहिला, तर दाब कमी झाला असेल, किंवा सिलिंडरमध्ये पाणी येत असेल.

आणखी एक सांगतो. जुने इंजिन नुसते मंद चालवत ठेवू नये. त्याने आत काजळी धरते. बेताचे ओझे देऊन चालवावे. दमवून आणल्यावर मात्र एकदम बंद करू नये. चार-पाच मिनिटे मंद चालवून मग बंद करावे. धावून आलेल्या बैलाला आपण लगेच बांधतो का?

हँडल, पट्टा आणि पंख्याचा दांडा

हातांनी हँडल मारताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा. हँडलभोवती मिठी मारू नका. इंजिन उलटे झटकले तर अंगठा मोडतो. लुंगी, उपरणे, पदर, गळ्यातला गंडा, काहीही फिरत्या पट्ट्याजवळ नेऊ नका.

पट्टा अंगठ्याने दाबून पाहा. तो सुमारे अर्धा इंच दबावा. जास्त दबला तर घसरतो, अगदी ताठ असला तर बेअरिंग खातो.

पंख्याचा दांडा जिथे होडीच्या बाहेर जातो, तिथे ग्लँड असते. तीत चरबी लावलेली दोरी भरलेली असते. दांडा फिरताना तिथून पाण्याचे थोडे थेंब पडले पाहिजेत. त्या थेंबांनीच दांडा थंड राहतो. एकही थेंब पडू नये म्हणून लोक ग्लँड करकचून आवळतात. मग दोरी जळते आणि दांड्याला चर पडते. होडी उभी असताना मात्र थेंब थांबले पाहिजेत, किंवा अगदी थोडे पडावेत.

लाकडी होडी काठावर वाळते आणि पाण्यात फुगते. म्हणून पावसाळ्यानंतर होडी पाण्यात टाकल्यावर चार-आठ दिवसांनी इंजिन आणि दांडा एका रेषेत आहेत का, हे मेकॅनिककडून पाहून घ्या. काठावर केलेली रेषा पाण्यात बदलते.

पावसाळ्याची झोप

जूनमध्ये मासेमारी बंद होते. होड्या वर ओढतात, त्यांवर झाप घालतात. इंजिन चालून झिजते, तसे पडून राहूनही गंजते. म्हणून त्याला नीट झोपवावे.

झोपवण्याआधी तेल बदला. जुन्या तेलात आंबटपणा असतो, तो चार महिने बेअरिंग खात बसतो. खाऱ्या पाण्याची वाट गोड्या पाण्याने धुऊन काढा. टाकी भरा. हवेच्या आणि धुराच्या तोंडात तेलकट फडक्याचा बोळा घाला. आठवड्यातून एकदा दाब सोडण्याची कळ उचलून हँडल चार-सहा फेरे फिरवा, म्हणजे रिंगा एका जागी चिकटत नाहीत.

बोळा घातला की एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा : "दोन बोळे आहेत. काढल्याशिवाय चालू करू नये." तो पुठ्ठा हँडलला बांधा. नारळी पौर्णिमेच्या घाईत माणूस विसरतो. पुठ्ठा विसरत नाही.

आबांची वही

आता पुन्हा आबांकडे येऊ. त्या अपघातानंतर ते एका संध्याकाळी शाळेत आले. मेकॅनिकने सांगितलेले सारे त्यांनी माझ्याकडून कागदावर लिहून घेतले. कागद हातात धरून ते बराच वेळ बसले. मग म्हणाले, "गुरुजी, लिहिलंत खरं. पण दर्यात वाचणार कोण? तुम्ही थोडेच तिथे येणार?"

त्या दिवसापासून ते रात्री शाळेत येऊ लागले. वय पन्नाशीच्या पुढचे. हात जाळ्याने आणि दोराने राठ झालेले. पेन्सिल धरताना मोडे. मी 'अ'पासून सुरुवात केली, तर म्हणाले, "मला आधी 'तेल' लिहायला शिकवा." म्हणून पहिला शब्द 'तेल'. दुसरा 'पाणी'. तिसरा 'धूर'. मग आकडे. पावसाळा संपेपर्यंत ते स्वतःची वही लिहू लागले. वहीत अशा ओळी असत :

तारीख ५. चालले ४ तास. तेल बरोबर. पाणी नाही. धूर नाही.
तारीख ६. चालले ६ तास. तेल बरोबर. तळाचे पाणी अर्धी वाटी काढले.
तारीख ८. चालले ५ तास. तेल थोडे वर.
तारीख ९. चालले ५ तास. तेल आणखी वर. घातले नाही.

ही शेवटची ओळ लिहून ते थांबले. इंजिन तर छान चालत होते. धूर नव्हता, आवाज नव्हता. मुलगा म्हणाला, "आबा, मासळी लागली आहे. उद्या जाऊ. नंतर बघू." आबांनी वही पुढे केली. "घातले नाही, तरी वर. कसे?" त्यांनी काडीचा वास घेतला. डिझेलचा वास! दुसऱ्या दिवशी होडी गेली नाही. मेकॅनिकने डिझेल चढवण्याचा लहान पंप उघडला. आतला पडदा फाटला होता आणि तिथून डिझेल तेलात उतरत होते. पडदा किरकोळ किमतीचा. पडदा बदलला, तेल बदलले, काम झाले. तसेच आणखी काही दिवस चालवले असते तर बेअरिंगा गेल्या असत्या आणि इंजिन पुन्हा दर्यात बंद पडले असते.

एका दिवसाची मासळी गेली म्हणून मुलगा नाराज होता. फाटलेला पडदा हातात घेतल्यावर तो काही बोलला नाही. त्या रात्रीपासून तोही वही लिहू लागला.

वहीचा हा उपयोग ध्यानात घ्या. आज काय दिसले ते डोळे सांगतात. कालच्यापेक्षा काय बदलले ते वही सांगते. मनाला वाटते, "तेल असेच होते." वही खोटे बोलत नाही.

शीड विसरू नका

आबांनी दुसरे एक काम केले. नवे शीड शिवून घेतले. महिन्यातून एकदा ते उघडून उन्हात घालीत, गोड्या पाण्याने खार धूत, दोऱ्या ओढून पाहत. आणि दर पंधरा दिवसांनी खाडीत इंजिन मुद्दाम बंद करून शिडावर होडी धक्क्याला लावीत. पोरे हसत. आबा म्हणत, "इंजान आजारी पडेल तेव्हा हा भाऊ उठून उभा राह्यला पाहिजे. त्याला रोज झोपवून ठेवला तर तो उठेल कसा?"

खाडीचे तोंड ओलांडताना ते नांगर मोकळा ठेवीत आणि शिडाची गाठ सोडून ठेवीत. त्यांच्या हयातीत ती होडी पुन्हा दांड्यावर गेली नाही. काकूंच्या पाटल्या तिसऱ्या वर्षी सुटून आल्या. त्या दिवशी आबांनी वहीत तेलाच्या ओळीखाली एवढेच लिहिले होते : "पाटल्या आणल्या." ती वही मी पाहिली आहे. अक्षर मोठे आहे, वाकडे आहे, पण स्पष्ट आहे.

रोजचे दहा मिनिटांचे काम

१. टाकीच्या तळाचे पाणी काढा.
२. काडीवर तेल पाहा, वास घ्या.
३. तळाची तोटी उघडा, जाळी पाहा.
४. पट्टा दाबून पाहा.
५. चालू झाल्यावर मागे पाणी पडते का पाहा. धुराचा रंग पाहा.
६. ग्लँडचे थेंब पाहा.
७. परत आल्यावर तळाची तोटी बंद करा, टाकी भरा.
८. वहीत चार शब्द लिहा.

विचार करा आणि सांगा

१. डिझेलचे पिंप उभे का ठेवू नये?
२. न घालता तेल वाढले तर काय समजावे?
३. ग्लँडमधून थोडे थेंब का पडले पाहिजेत?
४. आबांनी पहिला शब्द 'तेल' का शिकून घेतला असेल? तुमच्या धंद्यात तुम्ही पहिला कोणता शब्द लिहाल? तो शब्द आजच वहीत लिहा.